नवरा शोधते, नवऱ्याला शोधते

स्पॅनिश शिकायला घेतली की पहिल्या काही आठवड्यांतच 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य समोर येतं. अर्थ साधा आहे: मला कॉफी आवडते. पण पुस्तकात त्याच्याखाली अर्धं पान खुलासा असतो. इथे कर्ता 'मी' नाही, कॉफी आहे. 'मी' फक्त 'मला' म्हणून आलेला आहे. म्हणून क्रियापद माझ्याप्रमाणे न चालता कॉफीप्रमाणे चालतं. सुरुवातीला हे विचित्र वाटेल, पण सवयीने जमेल. हा खुलासा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. आपण मराठी माणसं तो मुकाट्याने वाचतो, वहीत उतरवून घेतो आणि आपल्यालाही हे विचित्रच वाटायला हवं अशा समजुतीने घोकत बसतो.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर स्पॅनिशचा ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणारी मुलगी तरुण आहे, मनापासून शिकवते, इंग्रजीतून शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं पुण्या-नाशिकची, घरी मराठी बोलणारी. मला काकू म्हणतात. 'मे गुस्ता'चा धडा झाला त्या संध्याकाळी त्यांतल्या एकाने फोन केला. "काकू, हे सगळं उलटं का आहे हो?"

"तुला पोहे आवडतात का रे?" मी विचारलं.

"आवडतात की."

"मग 'मी पोहे आवडतो' असं म्हणतोस का कधी?"

तो थांबला. मग एकदम म्हणाला, "म्हणजे हे आपलंच आहे!"

आपलंच आहे. मला आंबा आवडतो, 'मे गुस्ता एल मांगो'. मला आंबे आवडतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबा एकाचा अनेक झाला की क्रियापद बदलतं, 'मला' जागेवर राहतं. याच घडणीची ढीगभर क्रियापदं स्पॅनिशमध्ये आहेत. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं, 'मे दा मिएदो' म्हणजे मला भीती वाटते, 'मे फाल्ता' म्हणजे मला कमी पडतं. डोकं दुखत असेल तर 'मे दुएले ला काबेसा', आणि पाय दुखत असतील तर 'मे दुएलेन लोस पिएस', कारण पाय दोन. फरक एकाच ठिकाणी जाणवतो. 'हुआनला कॉफी आवडते' हे सांगताना स्पॅनिश माणूस 'आ हुआन ले गुस्ता एल काफे' म्हणतो, म्हणजे 'हुआनला' म्हणून झाल्यावर 'त्याला' हे पुन्हा म्हणतो. तेवढं एक लक्षात ठेवायचं. बाकी सगळं आपण बोलायला लागलो तेव्हापासून येतं आहे.

मराठी माणसाने स्पॅनिश मराठीतून शिकावी असं माझं ठाम मत होत चाललं आहे. सध्या आपण इंग्रजीला मध्ये घेऊन शिकतो आणि इंग्रजी माणसाच्या अडचणीसुद्धा आपल्याच समजून अंगावर घेतो. त्या अडचणींपैकी निम्म्या आपल्याला नाहीतच.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 'आ' हे छोटंसं अक्षर. स्पॅनिशमध्ये घर पाहिलं तर 'बेओ ला कासा', पण मारियाला पाहिलं तर 'बेओ आ मारिया'. कर्म माणूस असलं की आधी 'आ' लावायचा. इंग्रजी पुस्तकं या 'आ'ला खास नाव देतात, त्याचे नियम देतात, अपवाद देतात. मराठीत आपण घर पाहतो आणि मारियाला पाहतो. घराला काही लागत नाही, मारियाला 'ला' लागतो. द्वितीया विभक्तीचा हा 'ला' माणसांना, लाडक्या जनावरांना लागतो आणि निर्जीव वस्तूंना बहुधा लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं आहे. स्पॅनिश माणूसही आपल्या घरच्या कुत्र्याला 'आ' लावतो.

पण खरी गंमत पुढे आहे. 'बुस्को उन मेदिको' म्हणजे मी डॉक्टर शोधतेय, कुठलाही चालेल. 'बुस्को आ उन मेदिको' म्हणजे मी एका विशिष्ट डॉक्टरांना शोधतेय, ते इथेच कुठेतरी होते. म्हणजे माणूस असूनही तो ठराविक नसेल तर 'आ' गळतो. हा बारकावा परदेशी विद्यार्थ्यांना फार सतावतो असं आमची बाई सांगत होती. मी तिला म्हटलं, "अगं, आमच्याकडे मुलगी बघायला जातात ते वेगळं आणि मुलीला बघायला जातात ते वेगळं. पहिल्यात सून करायची असते, दुसऱ्यात मुलगी दवाखान्यात असते." ती मराठी नाही, तिला समजावून सांगावं लागलं. वर्गातल्या मराठी मुलांना मात्र काही सांगावं लागलं नाही. नंतर तिनेच जोडी दिली: 'बुस्का मारिदो', ती नवरा शोधते आहे, 'बुस्का आ सु मारिदो', ती नवऱ्याला शोधते आहे. एक लग्नाची गोष्ट, एक बाजारातल्या गर्दीची. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये हा फरक त्याच एका जागेवर, तशाच एका छोट्या खुणेने होतो. या दोन भाषा मूळ इंडो-युरोपीय कुळातल्या असल्या तरी ही लकब दोघींनी आपापल्या वाटेने कमावलेली आहे. लॅटिनमध्ये असा 'आ' नव्हता, आणि संस्कृतात कर्म माणूस असो की घर, द्वितीया दोघांनाही सारखीच लागत होती. म्हणून मला याचं अधिकच अप्रूप वाटतं.

उच्चारांचंही तसंच आहे. इंग्रजी विद्यार्थ्यांना तोंडासमोर कागद धरून 'प', 'त', 'क' म्हणायला लावतात. कागद हलला तर हवा जास्त गेली, पुन्हा म्हणा. आपल्याला प आणि फ, त आणि थ वेगळे आहेत हे पाटीवर गिरवतानाच कळलेलं असतं. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांवर जीभ टेकवून होतात, आपल्या त-दसारखेच. मग आपण 'टाको', 'टॉर्टिला', 'पेड्रो' का म्हणावं? 'ताको', 'तोर्तिया', 'पेद्रो' हे आपल्या जिभेला सोपं आणि मुळाला धरून आहे. वर्तमानपत्रांत अजून 'जोस' आणि 'जुआन' छापून येतात तेव्हा मला वाईट वाटतं. देवनागरीत 'होसे' आणि 'हुआन' किती सहज लिहिता येतं! त्यांतल्या 'जे' (J) या अक्षराचा उच्चार स्पेनमध्ये घशातून घासून येणाऱ्या खसारखा होतो, आणि कॅरिबियन किनाऱ्यावर आपल्या हइतका मऊ. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. प्रत्येक स्वर स्वच्छ, आणि जसं लिहिलं तसं वाचायचं. 'पेरो' म्हणजे पण, आणि र घोळवून 'पेर्रो' म्हटलं की कुत्रा. आपला र मुळात घोळणारा असल्याने तेही जमतं. सराव लागतो तो दोन ठिकाणी. ब आणि व या दोन अक्षरांचा स्पॅनिशमध्ये एकच उच्चार आहे, आणि आपला कान ते दोन मागतो. दुसरं म्हणजे 'नादा'सारख्या शब्दात मधला द जीभ दातांना पुरती न टेकवता सोडून द्यायचा असतो.

सगळं सोपं आहे असं मात्र नाही. लिंगाचंच घ्या. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन, म्हणजे ओझं हलकं झालं असं वाटतं. विशेषणं नामाप्रमाणे बदलतात हेही ओळखीचं. सुंदर मुलगा, सुंदर मुलगी यात 'सुंदर' जसा हलत नाही तसा 'ग्रांदे' (मोठा) आणि 'बेर्दे' (हिरवा) यांनाही स्त्री-पुरुष भेद नाही. पण मराठी कानाला आकारान्त विशेषण पुल्लिंगी वाटतं: चांगला, मोठा, काळा. स्पॅनिशमध्ये नेमका आ स्त्रीचा आणि ओ पुरुषाचा. 'बुएना' ऐकलं की मनात चांगला उभा राहतो, आणि असते ती चांगली. इथे कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांना माझ्याहून सोपं जातं, कारण त्यांचा चांगला माणूस 'बरो' असतो. आमच्या वर्गातल्या वेंगुर्ल्याच्या मुलीने हे न सांगता उचललं. त्यातून 'दीआ' म्हणजे दिवस हा आकारान्त असून पुल्लिंगी, 'मानो' म्हणजे हात हा ओकारान्त असून स्त्रीलिंगी. पाण्याची तर वेगळीच कथा. 'आग्वा' स्त्रीलिंगी, पण 'ला आग्वा' म्हणताना दोन आ एकमेकांवर आदळतात म्हणून आधी 'एल' लावायचा, आणि विशेषण मात्र स्त्रीलिंगीच ठेवायचं: 'एल आग्वा फ्रीआ', थंड पाणी.

आणि 'सेर' व 'एस्तार'. आपलं एक 'असणे' आणि त्यांची दोन. 'सोय लिस्ता' म्हटलं तर मी हुशार आहे, 'एस्तोय लिस्ता' म्हटलं तर मी तयार आहे. 'सोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळवाणी बाई आहे, 'एस्तोय आबुर्रिदा' म्हणजे मला कंटाळा आलाय. कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार हा नियम पुस्तकं देतात, पण मेलेल्या माणसासाठी 'एस्ता मुएर्तो' म्हणजे एस्तार वापरतात, आणि मरणाहून कायमचं काय असतं? आमची बाई सांगते ते मला अधिक पटतं: काहीतरी घडून आलेली स्थिती असेल तर एस्तार, वस्तूची ओळखच सांगायची असेल तर सेर. मराठीचा इथे थोडासाच आधार मिळतो. बर्फ थंड असतं आणि चहा थंड आहे, हा 'असतं' आणि 'आहे' यांतला फरक आपण बोलताना अचूक करतो. बर्फाला सेर, चहाला एस्तार. ही जोडी सगळीकडे चालत नाही, 'माझं घर मोठं आहे' याला सेरच लागतो. तरी असा काही भेद असू शकतो याला कान तयार असतो, आणि नवख्याला तेवढंही पुरे होतं.

मी वर्ध्याची. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. जन्म वर्ध्याचा, गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रज सरकारच्या राज्यात परतण्याची सोय उरली नाही तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढायला मदत केली. दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे: मेजाच्या शेवटाला बसून पाव मोडणारा, सावळा, गंभीर माणूस. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मी स्पॅनिश निवडली त्यामागे हे नाव होतंच. त्यांच्या मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द आता मी शिकते आहे. ओल्या मक्याच्या कणसाला 'एलोते' म्हणतात, आणि ज्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात त्याला 'मिल्पा'. दोन्ही शब्द स्पॅनिश येण्याआधीपासूनच्या नाहुआत्ल भाषेतले. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. कापसात तूर लावणाऱ्या विदर्भातून गेलेल्या माणसाला मिल्पा परका वाटला असेल असं मला वाटत नाही.

शब्दांच्या बाबतीत आपला एक जुना ठेवाही आहे. पोर्तुगीज भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं आणि वसईत १५३४ पासून चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत होते. त्यांच्याकडून आलेले शब्द आपण रोज वापरतो. बादली स्पॅनिशमध्ये 'बाल्दे' आहे, दाराची बिजागरी 'बिसाग्रा'. 'पागार' म्हणजे पैसे देणे. महिन्याच्या पगाराचं मूळ तेच. नवीन शब्द पाठ करताना अशी दहा-वीस माणसं आधीच ओळखीची निघाली की पुढच्यांशी बोलायला धीर येतो. उलट दिशेने मेक्सिकोने आपल्याला झेंडू दिला. तिकडे त्याला 'सेम्पासूचिल' म्हणतात आणि १ व २ नोव्हेंबरला घरोघरी मांडलेल्या पितरांच्या वेदीवर त्याच्या पाकळ्या पसरतात, त्या रंगाचा आणि वासाचा माग काढत वारलेली माणसं घरी यावीत म्हणून. आपण पितृपक्ष झाला की दसऱ्याला त्याच फुलाचं तोरण दाराला लावतो.

तू आणि तुम्ही यांचं शिक्षण मराठी माणसाला नव्याने घ्यावं लागत नाही. 'तू' तिकडेही 'तू'च आहे, उच्चारासकट. 'उस्तेद' हे 'बुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या आदरार्थी संबोधनाचं झिजलेलं रूप, आपल्या 'आपण'च्या जवळचं. त्याला क्रियापद मात्र 'तो'चं लागतं. स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि प्रत्येक ठिकाणी हा हिशेब निराळा. स्पेनमध्ये अनोळखी माणसंही लवकर तूवर येतात, कोलंबियात काही भागांत नवरा-बायकोही एकमेकांना उस्तेद म्हणतात, अर्जेंटिनात तूच्या जागी 'बोस' येतो. आईला अगं-तूगं आणि वडिलांना अहो-तुम्ही म्हणत वाढलेल्या माझ्यासारखीला यात नवल वाटलं नाही. कोण कोणाला काय म्हणतो ते आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, ही रीत आपल्याला घरातच मिळालेली असते.

त्यांच्या रीतींपैकी मला सगळ्यात जवळची वाटली ती आडनावाची. प्रत्येकाला दोन आडनावं: पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. पाब्लो रुईस पिकासो यातलं रुईस वडिलांचं आणि जगाने लक्षात ठेवलेलं पिकासो आईचं. १९९९ च्या कायद्याने स्पेनमध्ये आईचं आडनाव आधी लावायचीही मुभा आली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं ठरलं. हजेरीपटावर हजारो मुलांची नावं लिहिताना त्यांच्या आया त्या कागदावर कुठेच नव्हत्या, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे. वर्गात आपापली स्पॅनिश पद्धतीची नावं सांगायची होती तेव्हा मी माझ्या आईचं माहेरचं आडनाव लावून पूर्ण नाव मोठ्याने म्हटलं. ते आडनाव माझ्या नावापुढे त्याआधी कधी आलंच नव्हतं.

हल्ली आम्ही भूतकाळात आहोत. तिथेही मुलं अडतात, कारण स्पॅनिशचे साधे भूतकाळ दोन. 'फुइमोस' म्हणजे आम्ही गेलो, एकदा, झालं. 'ईबामोस' म्हणजे आम्ही जायचो. मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो, विहिरीवर पोहायचो, रात्री गच्चीवर झोपायचो: ही सगळी क्रियापदं डोळे मिटून ईबामोसच्या काळात घालावीत. व्याकरणात आपण त्याला रीती भूतकाळ म्हणतो. आणि एक 'से मे कायो एल बासो'. पेला मी पाडला नाही, माझ्या हातून पडला. 'से मे ओल्बिदो', मी विसरले असं नाही, मला विसर पडला. काही गोष्टी माणूस करतो आणि काही त्याच्याकडून होतात, हा भेद दोन्ही भाषा क्रियापदातच करून ठेवतात.

पुढच्या महिन्यात 'सुबहुंतिबो' हे क्रियापदाचं वेगळं रूप सुरू होईल. मुलं आत्तापासून धास्तावली आहेत, कारण इंग्रजीत हे रूप जवळजवळ झिजून गेलं आहे आणि पुस्तकात त्याच्यावर चार प्रकरणं आहेत. इच्छा, शंका, भावना अशी त्याची बरीच कामं आहेत, आणि सगळ्यांना मराठीत जोडी मिळणार नाही. पण इच्छेचं दार आपल्याला सताड उघडं आहे. मी मुलांसाठी एक कागद तयार करते आहे, डावीकडे स्पॅनिश आणि उजवीकडे मराठी. 'ओहाला युएबा', पाऊस पडो. 'के ते बाया ब्येन', तुझं भलं होवो. 'के देस्कान्से एन पास', आत्म्यास शांती लाभो. 'बीबा मेहिको', मेक्सिको चिरायू होवो. पडो, होवो, लाभो ही रूपं मुलांनी आजीच्या आशीर्वादात आणि दुखवट्याच्या फलकांवर ऐकली-वाचली आहेत. वेंगुर्ल्याची मुलगी म्हणाली की देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यातली वाक्यंही घ्या, तिच्याकडे भरपूर आहेत. तिला म्हटलं, सगळी लिहून पाठव.